बसमधली शिकवणी

हिंगण्याच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात गेली. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, टूल लावायची वेळ आली की ऑपरेटर आमच्याकडे पाठ करायचा. सगळेच करायचे. ट्रेनीनं लोखंडाचा चुरा झाडायचा, पीस उचलायचे आणि पाठी बघायच्या. आयटीआयपासून मी कामगारांसाठी पत्रकं लिहीत आले होते, त्यामुळे मनात मथळाच उमटला: ही शिकवणी नाही, अडवणूक आहे!

माझा करार सहा महिन्यांचा. शेवटी चाचणी: एक पीस बरोबर मापात काढायचा. निघाला तर मशीन, नाही तर घर.

शिकले ती कंपनीच्या बसमध्ये. दुपारी पाळी सुटली की बेसाच्या थांब्यापर्यंत अख्खी बस पेंगायची. उन्हाचे चौकोन झोपलेल्यांच्या मांड्यांवरून सरकत जायचे. माझ्या मशीनचे जुने ऑपरेटर, काका, खिडकीशी डोळे मिटून बसायचे. एकदा हळूच विचारलं, "काका, टूल घासलं हे कसं कळते?"

"आवाज जाड होते, पोरी," ते डोळे न उघडता म्हणाले. त्यांची बोटं हवेत न दिसणारं चाक फिरवत होती.

मग रोज. मशीनपाशी पाठ दाखवणारा माणूस अर्धवट झोपेत सगळं सांगून जायचा. मीही पेंगतच ऐकायचे. घरी डोळा लागला की स्वप्नात लेथ हळू गुणगुणायची, आणि तिचा आवाज कुठे जाडावतो ते मला कळायचं.

चौथ्या महिन्यात ते सगळं एका पानावर उतरवलं, झेरॉक्स काढल्या, ट्रेनींना वाटल्या. दुसऱ्या दिवसापासून काका ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसू लागले. त्याच आठवड्यात दोन ट्रेनींचे पीस बाद झाले. दोघांनी माझा कागद बघून काम केलं होतं.

दांडा धरून मी काकांजवळ उभी राहिले. "माझं काय चुकलं?"

"मले विचारलं होतं का तू?"

कामगाराला विचारल्याशिवाय काही ठरवू नका, हे मी स्वतः गेटवर ओरडून सांगितलेलं.

"अन् लिहिलं त बरोबर लिहाव न! पीस काढल्या काढल्या माप घ्या म्हणे. गरम पीस फुगलेला राहते वं. थंडा झाला का बारीक होते."

"हे तुम्ही सांगितलंच नव्हतं."

"सांगाच्या अगोदर झोप लागली असन मले."

मागून कोणीतरी म्हणालं, "काका, आता जागे राहून शिकवा गा!" बस हसली. काकाही हसले. "कागद काढ," म्हणाले, आणि पूर्ण जागेपणी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक ओळ दुरुस्त करून दिली. नवा कागद मी त्यांना विचारून वाटला.

चाचणीच्या दिवशी पीस काढला, बाजूला ठेवला आणि उभी राहिले.

"काहून थांबून राहिली वं? माप घे न," सुपरवायझर घड्याळ बघत म्हणाला.

"थंड होऊ द्या, सर."

मशीन गप्प होतं. वरच्या पत्र्यातून उजेडाचा एक तिरपा पट्टा आला होता, त्यात तेलाचं धुकं तरंगत होतं. पाण्याखाली उभी आहे असं वाटलं. कसलीच घाई नव्हती.

माप घेतलं. बरोबर होतं. सुपरवायझरनं सही केली, मशीन माझं झालं. "लवकर शिकली. हुशार आहेस," तो म्हणाला.

मला रागच आला. "हुशारी नाही, सर. कोणीतरी सांगितलं म्हणून आलं. पीस बाद झालेल्या त्या दोघांनाही मशीनपाशी सांगा, त्यांनाही येईल."