लगेच ‘न्हाय’ म्हणणाऱ्या अक्का

“न्हाय तर न्हाय! लगीच सांगायचं की. माणसाला ताटकळत कशाला ठेवायचं?”

अक्कांचं हे वाक्य आमच्या ऑफिसात रोज एकदा तरी ऐकू यायचंच. कसबा बावड्यातल्या दोन खोल्यांत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. अक्का तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. निपाणीकडच्या, म्हणून सगळ्यांच्या अक्का.

काही विकायला कुणी आलं, की त्याने बॅग उघडायच्या आत त्या म्हणायच्या, “पावणं, घेणार न्हाय. पाणी प्या, दमलासा.” आणि स्वतः उठून तांब्या भरून आणायच्या. आमचे साहेब मात्र भारी भिडस्त. ‘बघू’, ‘कळवतो’ करत समोरच्याला बसवून ठेवायचे. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. अक्कांचा नुसता जळफळाट व्हायचा.

आमचं मोठं गिऱ्हाईक एकच, इचलकरंजीतला एक यंत्रमाग कारखाना. पाळी बदलली की सगळ्या मागांची माहिती आमच्या डेटाबेसवर एकदम येऊन थडकायची आणि स्क्रीन ढिम्म! मालकांनी शेवटी बजावलं, “सोमवारी अडकलं तर तुमचं सॉफ्टवेअर काढून टाकणार.” म्हणजे आमच्या ऑफिसला कुलूपच. माझं नुकतंच लग्न ठरलेलं.

शनिवारी दुपारी अक्का एकदम ओरडल्या, “ह्यो पार्सर बी सायबांवर गेलाय की!”

पार्सर म्हणजे आलेली ओळ वाचणारा भाग. ओळीतला प्रत्येक शब्द हुकूम आहे की नुसतं नाव, हे ठरवायला तो हुकमांची अख्खी यादी चाळायचा. आता बघा, बहुतेक शब्द कामगारांची नाहीतर कापडाची नावं. ती यादीत नसायचीच. पण ‘नाही’ म्हणायला गडी शेवटपर्यंत जायचा. अक्कांनी पहिलं अक्षर आणि लांबी बघून हुकमांचे कप्पे केले. शब्द आला की तेवढाच कप्पा उघडायचा. रिकामा असला तर जागच्या जागी ‘न्हाय’.

सोमवारी पाळी बदलली. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. स्क्रीन झरझर सरकत राहिली. साहेब चक्क डोळे पुसायला लागले. माझ्याही जिवात जीव आला. अक्का म्हणाल्या, “आता च्या सांगा की कुणीतरी!”

गेल्या वर्षी आईच्या आजारपणामुळे अक्का गावी परतल्या. त्यांची खुर्ची अजून तशीच आहे. परवा न राहवून मी फोन केला.

“अक्का, परत येता का?”

“न्हाय.”

मला हसूच आलं. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. साहेब गोळ्या घेतात का, माझी पोरगी बोलायला लागली का, इचलकरंजीवालं टिकून हाईत न्हवं?

“हाईत की, अक्का. तुमच्यामुळंच.”

शेवटी मी विचारलं, “ठेवू का मग फोन?”

या खेपेला उत्तर लगेच आलं नाही.

“थांब की रं जरा,” अक्का म्हणाल्या.