हळदीची काच

१९५६ साली कुंभकोणममध्ये विजेचे दिवे लावून फोटो काढणारे दोघे होते. भागीरथीकडे दिवे नव्हते. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "माझा दिवा रोज सकाळी आपणहून पेटतो, आणि त्याचं बिल येत नाही." मग गिऱ्हाइकाला अंगणात उभं करून, हनुवटी धरून, हवी तिकडे वळवायची. भल्याभल्या सावकारांच्या बायका तिच्यापुढे मुकाट वळत.

नवरा गोपालकृष्ण जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्या मागे एक लाकडी कॅमेरा, तीन पायांची घोडी आणि फोटो धुण्याच्या औषधांच्या बाटल्या उरल्या. सगळ्यांना वाटलं, बाई हे विकून टाकील. बाईने कॅमेऱ्यावरचं काळं फडकं डोक्यावर ओढलं आणि धंदा चालू ठेवला. परपुरुषासमोर उभं राहायला लाजणाऱ्या बायका तिच्याकडे आल्या, म्हणून ती तगली. तरी दिवे आल्यापासून गिऱ्हाईक पातळ होत चाललं होतं, आणि तंजावरच्या भावाचं तिसरं पत्र येऊन पडलं होतं: दुकान बंद कर, इकडे ये. भावाकडे चार दिवस पाहुणचाराला जाणं वेगळं आणि जन्मभर त्याच्या चुलीपाशी बसणं वेगळं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात मुकुंदराव आले. जवळच्या तिरुभुवनमच्या विणकरांच्या एका लहानशा सोसायटीचे ते सेक्रेटरी, आणि भागीरथीसारखेच घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारे.

"मद्रासच्या प्रदर्शनाला एक मोठा फोटो होणार," ते म्हणाले. "साडी आमची, नेसणारी आमच्याच विणकराची सून. नीट आला तर सालभराच्या साड्यांच्या फोटोंचं काम तुमचं. नाही तर कमिटी मद्रासचा माणूस बोलावणार."

"येईल नीट."

"पाहिल्याविण कसं सांगता?"

"सांगिटलं ना."

मुकुंदरावांच्या मनात कावेरीचा घाट होता. भागीरथीने तो एका वाक्यात मोडीत काढला: नदीवर वारा, वाऱ्यावर पदर, आणि हलत्या पदराचा फोटो म्हणजे पिठाचा गोळा. तिने विणकरांची गल्लीच निवडली. तिथे सकाळी मागावर चढवायच्या रेशमी धाग्यांचे ताणे रस्त्यावर लांबच लांब पसरतात, दोन्ही बाजूंच्या घरांमुळे वारा अडतो, आणि ऊन समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडून सावलीत मऊ होऊन परततं. हा उजेड साडेआठपर्यंत. त्यानंतर सूर्य कौलांवरून थेट डोक्यात. आणि साडी त्याच दुपारच्या गाडीने मद्रासला जायची होती, तेव्हा उद्याची सोय नव्हती.

शुक्रवारी सकाळी सातला तिने घोडी रोवली. घरातून विणकराची ती सून, नागलक्ष्मी, बाहेर आली. गडद लाल साडी, वीतभर जरीचा काठ, ताठ चाल. भागीरथीचा जीव सुखावला. लाल रंग तिच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटांवर काळा उतरायचा, पण काळ्यावर जरीचा काठ उठून दिसतो, तेव्हा तो फायदाच होता. मग नागलक्ष्मीने मान वर केली.

पोरीचं तोंड हळदीने पिवळंधमक होतं. शुक्रवार, नवी साडी, सासूने चांगली चोळचोळून न्हाऊ घातली होती. आणि भागीरथीच्या प्लेटांना पिवळ्याचं वावडं. माणसाच्या डोळ्याला जे उजळ, ते प्लेटेला अंधारं. हा चेहरा मद्रासला पोचला असता तो कोळशासारखा.

"थोडं तोंड धुऊन येतेस का, पोरी?" ती तमिळमध्ये हळूच म्हणाली.

दारातून सासू अलमेलू पुढे झाली. गल्लीत तिच्या शब्दाला वजन होतं आणि आवाजालाही.

"रायरम्मा," मराठी बाईला तिथे असंच म्हणत, "सवाष्ण बाई, नवी साडी, आणि हळद पुसून उभी राहू? बिनहळदीचं तोंड कुणाचं असतं, ते मी तुम्हाला सांगायला हवं?"

ताण्यावरचे हात थांबले. भागीरथीला राग आला, चांगलाच आला. नऊ वर्षांत असं मागून पुष्कळदा ऐकलं होतं, तोंडावर आजच. मुकुंदराव कुजबुजले, "जाऊ द्या, बाई. मद्रासवाल्यालाच..."

"मद्रासवाला गेला खड्ड्यात," भागीरथी म्हणाली. मग अलमेलूकडे वळली. "सुनेच्या तोंडाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. मला वाटीभर हळद आणा. गरम पाण्यात कालवून."

विधवेने हळद मागितली! अलमेलू जागची हलली नाही. शेवटी नागलक्ष्मीच आत गेली आणि वाटी घेऊन आली.

भागीरथीने पेटीतून तळहाताएवढी काच काढली. तिच्यावर गोपालकृष्णाने जिलेटिनचा पातळ थर देऊन ती हळदीत रंगवली होती. असल्या पिवळ्या काचेतून पाहिलं की प्लेटेला पिवळं उजळ दिसतं, ही त्याची शिकवण. पण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, काच पार फिकट झाली होती. तिने ती वाटीत बुडवली, पाणी निवेपर्यंत ठेवली, फडक्याने टिपली आणि वाळवायला उन्हात धरली. पाऊण तास गेला. मुकुंदराव घड्याळ बघत होते, ती काच बघत होती.

"हे काय चाललंय?" अलमेलूला राहवेना.

"तुमची सून हळद लावते, माझा कॅमेराही लावतो. पिवळ्यातून पिवळं बघितलं की ते गोरं दिसतं. आता तुम्ही नुसत्या उभ्या राहू नका. घरात धुतलेलं पांढरं वेष्टी असेल ते घ्या, आणि सुनेच्या डाव्या अंगाला पसरून धरा. उजेड तिच्या गालावर पडू द्या. वर. अजून वर!"

अलमेलूला हुकूम करणारं गल्लीत कुणी नव्हतं. त्या नवलाईनेच असेल, तिने ते पांढरं धोतर पसरून धरलं.

वाळलेली काच भागीरथीने भिंगापुढे बसवली. तिच्यामुळे प्लेटेला चार सेकंद उजेड द्यावा लागणार होता. प्लेटा दोनच. पहिल्या वेळी सासूचे वर ताणलेले हात पाहून नागलक्ष्मीला हसू फुटलं आणि प्लेट गेली. मुकुंदरावांनी पुन्हा घड्याळ बघितलं. भागीरथीने दुसरी प्लेट बसवली.

"मागावर तुटलेला धागा जोडतेस ना?" ती म्हणाली. "तेव्हा श्वास धरतेस, तेवढाच धर. तो धागा तिथे, त्या भिंतीवर आहे बघ."

नागलक्ष्मीने पाहिलं. डोळे स्थिरावले, ओठ मिटले, खांदे शांत झाले. रोज बारा तास करते तेच काम ती उभ्याने करत होती. भागीरथीने भिंगावरचं झाकण काढलं, चार मोजले, झाकण लावलं. पाच मिनिटांनी ऊन कौलांवरून थेट गल्लीत उतरलं.

तिसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन तिरुभुवनमला आली. काळ्याभोर साडीवर जरीची तार न् तार मोजून घ्यावी, आणि त्यावर नागलक्ष्मीचा चेहरा, उजळ, सावध, आपलं काम येणाऱ्या बाईचा. मुकुंदरावांनी दोनदा चष्मा पुसला.

"सालभराचं काम तुमचं," ते म्हणाले. "पुढल्या महिन्यात अकरा साड्या आहेत."

"उजेड बघून वार मी ठरवीन."

"तुम्हीच ठरवा हो."

अलमेलूने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. सुनेचा चेहरा इतका नीट तिनेही कधी बघितला नसावा. "हळदीनेच उजळलाय," ती शेजारणीला बजावून म्हणाली, आणि भागीरथीने तिला श्रेय घेऊ दिलं. मग अलमेलू आत गेली. घरातून निघणाऱ्या सवाष्णीला तिथे हळदकुंकू, विडा देतात. भागीरथीसारखीला एखादं केळं. भागीरथी केळ्यासाठी हात पुढे करून उभी राहिली.

अलमेलूने तिच्या तळहातावर जाडजूड हळकुंड ठेवलं.

"काचेला लागेल," ती खाली बघत म्हणाली.

"लागेल," भागीरथी म्हणाली.

तिने ते पदरात बांधलं नाही, पिशवीतही टाकलं नाही. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, हळकुंड हातात घेऊन ती बसस्टँडपर्यंत चालत गेली.