छत्तीस फूट, मध्ये कणगी

आमच्या घरात टेलिफोन पुढे ओटीवर होता आणि आई मागच्या खोलीत. दोघांच्या मध्ये छत्तीस फूट. ओटी बारा, माजघर चौदा, आईची खोली दहा. हे अंदाजाने सांगत नाही, टेप लावून मोजलेलं आहे. वाशिंदच्या कारखान्यात माझं कामच तयार माल मोजायचं होतं, आणि ती सवय मी घरी येताना फाटकाशी सोडून येत नसे.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची ही गोष्ट. शहापूरहून सापगावकडे जाताना आमचं घर. त्या पावसाळ्यात आईची डावी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत राहिलं, पण आवाज इतका बारीक झाला की शेजारच्या खोलीतूनही ऐकू येईना. मोरी मागच्या खोलीला लागून असल्यामुळे तिची खाट पुढे आणणं शक्य नव्हतं. कोणीतरी सतत तिच्या नजरेसमोर हवं होतं.

बायको अकरा वर्षं मुंबईच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जात होती. तिने रजा घेतली. रजा संपत आली तेव्हा छापखान्याने एक तोड काढली. ते लॅपटॉप देतील, तिने घरून काम करावं. पानं त्यांच्याच संगणकात उघडायची आणि तिथेच दुरुस्त करायची, कारण मजकूर परीक्षेच्या पुस्तकांचा होता आणि तो आपल्याकडे उतरवून घ्यायला मनाई होती. रोज दुपारी चारच्या आत चाळीस पानं. सप्टेंबर ते नोव्हेंबर अखेर हे नीट चाललं तर कायम घरून काम, नाहीतर डिसेंबरपासून पूर्वीसारखं हजर व्हायचं.

"आणि हजर नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर दुसरं कोणीतरी तपासेल पानं. अहो, अकरा वर्षं झाली. ते काम माझं आहे."

आई खाटेवरून ऐकत होती.

फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलं. ओटीवर मोडेम बसला आणि तिथून मी जमिनीवरून लांब तार आईच्या खोलीपर्यंत नेली. आठव्या दिवशी आईला ठसका लागला, बायको धावली आणि तिचा पाय तारेत अडकला. लॅपटॉप पडला नाही, पण तार जिथे खुपसतात ती जागा फुटली. यंत्र छापखान्याचं, तक्रार करायची सोय नाही. बिनतारी राउटर घेणं एवढाच मार्ग उरला.

शहापुरात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका लाइनमनने दुकान टाकलं होतं. त्याने दोन खोकी समोर ठेवली. एका राउटरला अँटेनाची एक दांडी, दुसऱ्याला दोन, आणि किंमत दुप्पट. दोन्ही खोक्यांवर हसऱ्या माणसांचं घर होतं आणि भिंतींतून आरपार जाणाऱ्या निळ्या लाटा.

"दोन दांड्यांचा जास्त लांब जातो?" मी विचारलं.

"जातो. पण तुमचा लॅपटॉप जुना आहे, त्याला त्यातला निम्माच फायदा. मध्ये काय काय आहे घरात?"

"दोन भिंती. मातीच्या. नऊ इंची."

"दोन्ही घरी न्या, लावून बघा. मग एक परत आणा. मी पण खांबावर चढल्याशिवाय लाइन कशी आहे ते सांगत नसे."

हे मला फार पटलं. त्या आठवड्यात मी वहीत दोन रकाने आखले. लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात पाच काड्या दिसत. जेवढ्या काड्या उजळ, तेवढा जोर. खळ्यावर, विहिरीशी, गोठ्यात, माजघराच्या चारही कोपऱ्यांत आणि आईच्या खाटेशी मी लॅपटॉप घेऊन उभा राहिलो आणि काड्या लिहिल्या. उघड्यावर एका दांडीचा राउटरही सत्तर पावलांवर पोचत होता. मला याचं नवल वाटायचं. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, हाताला लागत नाही, तरी पावलागणिक कमी होतं आणि ते मोजता येतं.

शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. "कोंबडी हरवली काय रे?"

"नाही काका, इंटरनेट बघतोय कुठपर्यंत येतं."

"बग. माज्या वांग्यांत आला तं हाकलून देईन."

आईच्या खाटेशी एका दांडीच्या तीन काड्या आल्या, दोन दांड्यांच्या चार. तीन काड्यांवर पानं अडत नव्हती. मी साधा राउटर ठेवला आणि दुसरा परत केला. आपण खोक्यावरच्या चित्राला भुललो नाही, मोजून निवड केली, याचा मला थोडा गर्वही झाला.

सगळा ऑक्टोबर काम बिनबोभाट चाललं. मग कापणी झाली, झोडणी झाली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माजघरातली कणगी भरली.

कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची उभी, गोल कोठी. बाहेरून शेणाने सारवलेली. आमची चार फूट रुंद आणि पाच फूट उंच. तिच्यात अठरा गोणी भात मावतं. माजघराच्या मधोमध तिची जागा आजोबांच्या काळापासून ठरलेली. भरण्याआधी तिला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. भरलेली कणगी कोणी हलवत नाही. ती हलणारही नाही, पण हलवू असं तोंडाने म्हणतही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या खाटेशी एकही काडी नव्हती.

मी राउटर बंद करून चालू केला. लाइन तपासली. लॅपटॉप ओटीवर नेला तर पाचही काड्या. म्हणजे लाइन, राउटर, लॅपटॉप तिन्ही धडधाकट. बायको काम घेऊन ओटीवर बसायला लागली आणि दर दहा मिनिटांनी उठून आत डोकवायला लागली. पहिल्या दिवशी चाळीसऐवजी एकतीस पानं झाली. दुसऱ्या दिवशी चौतीस. तिसऱ्या दिवशी आईला तहान लागली. हाक पोचली नाही, म्हणून तिने उजव्या हाताने तांब्या ओढायला बघितलं आणि अर्धी खाटेवरून खाली आली. लागलं नाही, पण बायको आत गेली तेव्हा आई ओल्या लुगड्याने खाटेला टेकून बसलेली होती.

मी कामावरून आलो तेव्हा बायको आईचं लुगडं वाळत घालत होती.

"छापखान्यातून फोन आला होता," ती म्हणाली. "तीन दिवस पानं कमी आहेत म्हणाले. महिनाअखेरपर्यंत बघतील. अहो, मला एका वेळी एकाच खोलीत बसता येतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी लाइनमनकडे गेलो आणि दोन दांड्यांचा राउटर मागितला. त्याने तो काढला, पण हातात दिला नाही.

"आधी चालत होता ना? मग बदललं काय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही कसं? कपाट? पत्रा? नवी भिंत?"

"भात भरलंय फक्त."

"कुठे?"

"कणगीत. माजघरात."

त्याने राउटर खाली ठेवला आणि मोठ्याने हसला. "मी विचारलं होतं मध्ये काय आहे. तुमी बोलला दोन भिंती. हजार किलो भात तुमाला दिसलं नाय?"

तेव्हा कणगी रिकामी होती, हे मी त्याला सांगितलं. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. रिकामी असो की भरलेली, कणगी मला मोजायची वस्तूच वाटली नव्हती. भिंत मध्ये येते, कपाट मध्ये येतं, कणगी मात्र घरातच असते. आपल्याकडे सप्टेंबरात कणगी तळाला गेलेली असते आणि नोव्हेंबरात तोंडापर्यंत भरते, हे लहानपणापासून माहीत असलेल्या माणसाने सप्टेंबरचं माप वर्षभराचं धरलं होतं.

"कितीही सुकवा, दाण्यात पाणी राहतं," लाइनमन म्हणाला. "पाणी या लाटा खातं. हा घेऊन जा, पण फार आशा धरू नका."

दोन दांड्यांचा राउटर लावला. खाटेशी एक काडी आली, तीही येऊन जाऊन. म्हणजे दुप्पट किमतीत एक काडी.

आता मला कुतूहल स्वस्थ बसू देईना. मी ओटीवरच प्रयोग मांडला. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एकेक वस्तू ठेवायची आणि काड्या बघायच्या. रिकामी पाटी: फरक नाही. गोधडी: फरक नाही. पाण्याने भरलेला हंडा: एक काडी गेली. भाताची गोणी: एक काडी गेली. काका बघायला आले आणि नेमके मध्ये उभे राहिले. एक काडी गेली.

"काका, जरा बाजूला व्हा. तुमच्यामुळे कमी झाली."

"म्हंजे मी भाताची गोणी, असं बोलतोस?"

"माणसातही पाणीच असतं काका."

"माज्यात नाय. तुज्या काकीला इचार, सगला शोषून घेतलाय तिनी."

आतून बायको हसली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलं हसणं.

आईने मला आत बोलावलं. मी लॅपटॉप घेऊनच गेलो.

"काय शोधतोस रे सकालपासून?"

मी समजावून सांगितलं. ओटीवरच्या डबीतून काहीतरी निघतं, दिसत नाही, पण इकडे यायला हवं. मध्ये कणगी अडवते.

"कणगीला हात नाय लावायचा."

"नाही लावत."

ती थोडा वेळ वर बघत राहिली. पावसाळ्यापासून ती वरच बघत होती. आमचं घर जुन्या पद्धतीचं, आतल्या भिंती आठ फुटांवर संपतात आणि वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. तिच्या खोलीत छपराला एक काचेचं कौल आहे, त्यातून सकाळी उन्हाचा एक पट्टा उतरतो.

"बापाच्या फोटोला उदबत्ती लावतोस ना ओटीवर," ती म्हणाली, "तिचा धूर येतो माज्याकडं. उन्हात दिसतो. दारातून नाय येत तो. भिंतीच्या डोक्यावरून येतो. तसा आण की."

मी उठून वर बघितलं. मी खळ्यावर पावलं मोजली, विहिरीपर्यंत गेलो, गोठ्यात उभा राहिलो, पण मान वर केली नव्हती. माझ्या वहीत लांबी होती, भिंतीची जाडी होती. उंची हा रकानाच नव्हता. आणि बिनतारी वस्तू घेतली म्हणजे तार ओढायची नाही, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

शिडी लावली. एका दांडीचाच राउटर घेतला. ओटीच्या भिंतीच्या डोक्यावर ठेवला, तर आईच्या खाटेशी दोन काड्या. मग मोडेमपासून तार वर चढवली, उंदरांसाठी ती प्लास्टिकच्या नळीत घातली, तुळईला बांधून कणगीच्या वरून नेली आणि राउटर आईच्या खोलीच्या भिंतीवर बसवला. पाच काड्या. बायकोने लॅपटॉप घेतला, आईच्या पायथ्याशी बसली आणि मान वर न करता म्हणाली, "येतंय."

दोन दांड्यांचा राउटर मी परत दिला. लाइनमनला उदबत्तीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "खात्यात असती तर तिला ज्युनिअर इंजिनियर केली असती."

राउटरचा हिरवा दिवा आता आईला खाटेवरून दिसायचा. पानं चालू असली की तो भराभर लुकलुके, थांबली की सावकाश. तिला त्याचा नाद लागला. कामावरून आलो की ती मला दिवसाचा हिशेब द्यायची: "दुपारी जरा थांबला होता दिवा. मी बोलली गो, बंद पडला. तं ती जेवत होती."

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी मी घरी राहिलो. तीन वाजून दहा मिनिटांनी छत्तिसावं पान चालू होतं. मी घड्याळ आणि पडदा आळीपाळीने बघत होतो. बायकोने मला दोनदा सरकायला सांगितलं, कारण मी तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभा होतो. साडेतीनच्या थोडं पुढे दिवा सावकाश झाला.

"झाली गो?" आईने विचारलं.

"झाली."

बायको पडद्याकडे बघत बसून राहिली. आई दिव्याकडे बघत होती. दिवा पुन्हा दोन-तीनदा भरभर लुकलुकला.

"काय तरी आलंय," आई म्हणाली.

बायकोने उघडून वाचलं. मग लॅपटॉप मिटला, खाटेशी आली, आणि आईचा तांब्या उचलून ताजं पाणी भरायला मोरीकडे गेली. जाता जाता म्हणाली, "उद्यापासून पंचेचाळीस पानं देणार आहेत. घरूनच."

आईने मला खूण करून वाकायला लावलं. "तुज्या वहीत लिव," ती म्हणाली, "पंचेचालीस पानं, कणगी भरलेली असताना."

मी लिहिलं.