बुटांच्या पिशवीतले पासपोर्ट
अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या पावसात भिजलेले बूट दारात वाळत पडले, की त्या कुबट वासानं मला जपानमधला तो चिमुकला किल्ला आठवतो. नव्वदच्या दशकात ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर तिकडे गेलो होतो. बायको सोबत होती आणि दोन वर्षांची मुलगी इथे शेजारच्या काकूंकडे. परतायच्या आदल्या दिवशी, भर पावसात, आम्ही किल्ला बघायला गेलो. तिथे बूट काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन फिरायचं. लाकडी जिना शिडीसारखा उभा, एक हात मोकळा हवा म्हणून आमच्या भारतीय पासपोर्टांचं पाकीटही मी त्याच पिशवीत टाकलं. अगदी वरच्या मजल्यावर एक छोटंसं देवघर होतं, कुठल्या देवाचं कोण जाणे. बायको म्हणाली, "अहो, देवासमोर बूट कुठे नेताय? ठेवा इथेच जिन्यापाशी." ठेवले. हात जोडून वळलो तर पिशवी गायब! "अमेरिकेचा व्हिसा त्यातच आहे ना?" असं ती विचारेपर्यंत मी जिना उतरायला लागलो होतो. गुळगुळीत पायऱ्यांवरून मोजे घसरत होते, अंधारात तुळईवर डोकं आपटलं, आणि मनात एकच, उद्याचं विमान चुकलं तर पोरीचं काय? खाली दारात तिथली एक म्हातारी कर्मचारी, कुणी विसरलंय समजून खाली आणलेले आमचे बूट नीट मांडून, पाकीट दोन्ही हातांत धरून उभी होती. मी सरळ तिच्या पाया पडलो, तर ती बिचारी दचकून मागे सरकली. आता आमचे पासपोर्ट अमेरिकेचे आहेत, तरी देवळात गेलो की मी आधी खिसा चाचपतो, मगच हात जोडतो.