फ्रॉकची दुमड

रोज सकाळी पावणेआठला ती आधी काट्याचंच वजन करायची. म्हणजे कपाटातून पाच किलोचं लोखंडी वजन काढायचं, काट्यावर ठेवायचं, पाच-शून्य-शून्य दिसलं की एकदा उचलून पुन्हा ठेवायचं आणि मग वहीत तारखेसमोर बारीकशी खूण करायची. कुणी हसलं तर म्हणायची, "माणसं खोटं बोलतात, पोरं खोटं बोलतात. निदान याने तरी बोलू नये."

रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डात ती बावीस वर्षं आहारतज्ज्ञ होती. मुलं तिला वजनमावशी म्हणायची, आईबाप मॅडम म्हणायचे, आणि तिच्या कपाळावरच्या दोन आठ्या आता झोपेतही जात नसाव्यात असं नर्सेसचं मत होतं. तिला सगळ्याचाच वैताग होता. चादरीखाली लपवलेल्या वेफर्सच्या पुड्यांचा. "बारीक झालीय हो" म्हणणाऱ्या भेटायला आलेल्या नातेवाइकांचा. आणि सगळ्यात जास्त त्या छापील माहितीपत्रकाचा, ज्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'केमोथेरपीमुळे मुलांच्या चयापचयात बदल होऊ शकतात.' हा 'चयापचय' शब्द छापणाऱ्याने एकदा इथे येऊन एखाद्या आईला तो समजावून दाखवावा, असं ती दर महिन्याला म्हणायची.

त्या वर्षी सात नंबरच्या खाटेवर एक सहा वर्षांची मुलगी होती. तिचा बाप टेलर होता. घरी तान्हं मूल असल्यामुळे आई संध्याकाळी तासभर यायची, दिवसभर बापच बसायचा. तो मुलीला 'सरकार' म्हणायचा, आणि पहिल्या महिन्यात ते नाव तिला अगदी शोभलं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होत्या. त्या गोळ्यांनी पोटात अशी भूक पेटते की मूल जेवता जेवता पुढच्या जेवणाची चौकशी करतं.

"बटाटा," सरकार सकाळी आठला फर्मावायची. "मीठ लावून. दोन."

"आत्ताच अंडं खाल्लंस ना?"

"ते अंडं होतं."

गाल फुगले, पोट पुढे आलं, अठरा किलोची मुलगी साडेवीसवर गेली. बाप खूश. अंगावर मांस चढतंय, औषध लागू पडतंय, असं तो शेजारच्या खाटेला सांगत सुटला. वजनमावशीने त्याला बाजूला घेतलं.

"हे मांस नाही. ही चरबी आहे आणि पाणी आहे. मांस उलट कमी होतंय. तिला जमिनीवर बसवा आणि हात न टेकता उठायला सांगा."

मुलीला उठता आलं नाही. खाटेचा दांडा धरूनही दोनदा खाली बसली. रक्तातली साखर तीनशेच्या वर गेली होती, म्हणून इन्सुलिन सुरू झालं आणि बटाटे बंद. सरकारने दोन दिवस मावशीकडे पाठ करून झोप काढली.

मग स्टेरॉइड थांबलं, त्याबरोबर इन्सुलिनही, दुसरी औषधं आली आणि भूक गेली, जणू कुणी दार लावून घेतलं. तोंडात फोड, जिभेला सगळ्याची चव पत्र्यासारखी. दूध नको, भात नको, आणि ज्या बटाट्यासाठी रणकंदन झालं होतं तो समोर आला की तोंड भिंतीकडे. वीस, एकोणीस, अठरा, मग सतरा-दोनशे.

"आता भरपूर द्या," मावशी म्हणाली. "थोडं थोडं, दर दोन तासांनी."

टेलरने हात जोडले. "मॅडम, आधी म्हणालात कमी द्या. आता म्हणता भरपूर द्या. आम्ही कापड असतो तर एव्हाना फाटलो असतो."

"मी म्हणत नाहीये, औषध म्हणतंय. दर महिन्याला त्याचं म्हणणं बदलतं, त्याला मी काय करू?"

आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं, जे नंतर तिचं तिलाच कित्येक दिवस टोचत राहिलं. "हे बघा, सतराच्या खाली गेली तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळीचं नाव काढताच बाप आणि मुलगी दोघांचेही चेहरे एकदम सारखे दिसू लागले. चार नंबरच्या खाटेवरच्या मुलाला नळी होती आणि एका सकाळी ती खाट रिकामी दिसली होती. त्याला दुसऱ्या मजल्यावर हलवलं होतं, एवढंच. पण ते या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर वजन थांबलं. सतरा-दोनशे. तीन दिवसांनी सतरा-दोनशे. पुढच्या आठवड्यात सतरा-शंभर, मग पुन्हा सतरा-दोनशे. खरं तर वजन वॉर्डाच्या पातळ सदऱ्यात घ्यायचं असा मावशीचाच नियम होता. पण केस गेल्यापासून सरकारला तो सदरा नको असायचा, त्यात आपण मुलगा दिसतो म्हणून ती रडायची. बापाने तिला पायघोळ निळा फ्रॉक शिवून आणला, आणि मावशीने, आयुष्यात क्वचितच असं करणाऱ्या मावशीने, कपड्याचे दोनशे ग्रॅम वजा धरून चालवून घेतलं. वर कौतुकही केलं, "काय सरळ पडलाय हो घेर. हात चांगला आहे तुमचा."

टेलर खाली बघत फ्रॉकची बटणं लावू लागला. कौतुकाने लाजला असेल, असं तिला वाटलं.

पण दंड ऐकेना. दर आठवड्याला ती मुलांचा दंड टेपने मोजायची. तो साडेपंधरा सेंटिमीटरवरून साडेचौदावर आला होता, आता चौदा. वजन जागच्या जागी आणि दंड बारीक, हे काही जुळेना. तिने टेप बदलली. सिस्टरला मोजायला लावलं, चौदाच. काट्यावर पाच किलो चार वेळा ठेवून पाहिलं, काटा बिचारा चोख. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालंय, तर म्हणाली, "एक सहा वर्षांची मुलगी मला वेड्यात काढतेय."

मग एका सकाळी सरकार उठलीच नाही. म्हणजे डोळे उघडे, पण घामाने चिंब आणि हातपाय गार. सिस्टरने बोटाला सुई टोचली. साखर बेचाळीस. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत सरकारने डोळे फिरवून विचारलं, "कोण ओरडतंय?" ओरडत होता तिचा बाप.

मोठ्या डॉक्टरीणबाई मावशीला म्हणाल्या, "आता चालू असलेल्या कॅन्सरच्या रोजच्या गोळीने काही मुलांची साखर पहाटे उतरते, हे माहीत आहे. पण इतकी? अंगात शिल्लकच नसल्यासारखी? तुमच्या वहीत तर वजन ठीक आहे."

तुमच्या वहीत. मावशीच्या आठ्या दोनाच्या तीन झाल्या.

दुपारी तिने मुलीला काट्यावर उभं केलं. सतरा-दोनशे, वजा दोनशे धरूनच. तिच्या पायात जोर नव्हता म्हणून मावशीने तिला उचलून खाली घ्यायला काखेत हात घातले आणि फ्रॉकचा घेर मावशीच्या नडगीवर आपटला. खट्‌कन. कापड असं आपटत नाही.

ती खाली बसली आणि दुमड चाचपली. कोटाच्या बटणाएवढ्या जाडजूड लोखंडी चकत्या, एकीला लागून एक, बारीक हातशिलाईने ओवलेल्या, काहींचा दोरा अगदी नवा. ऑफिसांचे पडदे सरळ पडावेत म्हणून खालच्या दुमडीत घालतात, त्या.

"बाबांनी सांगितलंय उडी मारायची नाही," सरकार शांतपणे म्हणाली.

मावशीने कात्री मागवली नाही. टेलरच्याच हातात फ्रॉक दिला. "उसवा."

तो मान खाली घालून उसवत बसला. अठरा चकत्या निघाल्या. तिने त्या काट्यावर ठेवल्या. सातशे वीस ग्रॅम.

"म्हणजे ही साडेसोळा आहे. दोन आठवडे घसरतेय, आणि मी वहीत सतराच्या वर लिहितेय. तिचं औषध या आकड्यावर मोजतात, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नव्हतं ठाऊक." त्याच्या बोटात अजून दोरा होता. "मॅडम, नळी लागली की मूल जातं. चार नंबरचा गेला."

"कुठे गेला?"

"गेला म्हणजे…"

तिने वही बाजूला ठेवली. मग त्याच्या दंडाला धरून, जवळजवळ ओढत, जिन्याने दुसऱ्या मजल्यावर नेलं. चार नंबरचा मुलगा खिडकीपाशी बसून कानामागे चिकटवलेल्या नळीसकट थाटात पत्ते पिसत होता. "काका, डाव टाकता का?" त्याने विचारलं. टेलर भिंतीला टेकून उभा राहिला आणि मावशीने तेवढ्या वेळात समोरच्या फळ्यावरचं वेळापत्रक दोनदा वाचून काढलं.

राग तिचा गेला नव्हता. त्याच्यावर होता, स्वतःवर जास्त होता. धमकीसारखं एक वाक्य टाकून ती पुढच्या खाटेकडे गेली होती. नळी कशाला, किती दिवस, काढतात कधी, यातलं काही सांगायला थांबली नव्हती. बावीस वर्षं लोक लपवतात म्हणून चिडायचं आणि सांगताना अर्धंच सांगायचं.

संध्याकाळी औषधाचा हिशोब नव्याने झाला, पुढचा कोर्स आठवडाभर लांबला. सकाळी नळी घातली. सरकारने मावशीचं बोट चावलं, बरंच जोरात, आणि मग बापाशी बोलणं टाकलं.

"किती दिवस?" तिने फक्त मावशीला विचारलं.

"तोंडाने खायला लागेपर्यंत. तीन आठवडे, कदाचित चार. रात्रभर यातून दूध हळूहळू जात राहील, म्हणजे पहाटे कालसारखं व्हायचं नाही."

"चव लागेल?"

"नाही."

"मग चालेल."

तिसऱ्या आठवड्यात दंड चौदा-चार झाला. वॉर्डाच्या सदऱ्यात वजन सोळा-नऊशे. मावशीने दोन्ही आकडे लिहिले आणि ते लिहिताना तिचा चेहरा जसा नेहमी असतो तसाच, म्हणजे त्रासलेला होता. खाटेच्या कडेला बाप बसला होता. मुलीने त्याच्याकडे न बघताच त्याच्या मांडीवर पाय टाकले होते आणि तो ते हलू नयेत म्हणून श्वासही जपून घेत होता.

"मॅडम, अजून काय करू मी?" त्याने विचारलं.

तिने वही मिटली, पेन कानावर अडकवलं.

"सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या? कँटीन अडीचला बंद होतं."