तिसऱ्या रविवारची मार्था

मार्था गेल्याचं मला खालच्या मजल्यावरच्या देशमुखबाईंनी सांगितलं. मी दुपारची भांडी घासत होते. "बाई, समोरच्या मार्थामावशी वारल्या हो... दवाखान्यातच." मी "बरं" म्हणाले आणि उरलेली भांडी घासली. देशमुखबाई दारात थांबून राहिल्या. मी रडेन अशी त्यांना आशा असावी. आता महिना झाला. इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मार्था 'मायेची सावली' झाली आहे. कुंड्यांचं पाणी गाड्यांवर पडतं म्हणून तिच्याशी भांडलेली माणसंही हात जोडलेली चित्रं टाकत आहेत. चर्चच्या पाळकसाहेबांनी स्मरणसभेत दोन शब्द बोलायला सांगितलं, मी नाही म्हणून कळवलं. जुनं काही मनात ठेवू नका, असं ते म्हणाले. मी सगळं मनात ठेवलं आहे.

नगरमधल्या या इमारतीत मी राहायला आले तेव्हा शाळेत ग्रंथपाल होते, अविवाहित. मार्था नर्स, विधवा, बेलापूरजवळच्या खेड्यातली. आमची दारं समोरासमोर. दुसऱ्याच महिन्यात मी जिन्यापाशी पडले. मला लहानपणापासून फिट येतात. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. "शाळेत म्हाईत हाय का?" तिने विचारलं. मी मान हलवली, नाही. "मग मलाबी न्हाई," ती म्हणाली. आठ वर्षं तिने ते कोणाला कळू दिलं नाही. रोज संध्याकाळी तिच्याकडे चहा, फार गोड, आणि वर टोमणे. "ए पुस्तकवाले, एवढं वाचून डोक्यात जागा उरती का गं?" तिच्याइतकं जवळचं मला दुसरं कोणी नव्हतं, हेही लिहायला हवं.

वरच्या मजल्यावर आढावसर राहायचे. निवृत्त शिक्षक, पत्नी वारलेली. पुस्तकं न्यायचे, परत करताना आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असायची. माझ्या पन्नाशीत आम्ही लग्न करायचं ठरवलं आणि ते मी फक्त मार्थाला सांगितलं. "वरच्या मजल्यावर सासर... लई सोयीचं," म्हणून ती हसली. मग लगेच, "फिटचं सांगितलंस?" सांगते, म्हणाले. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार पुकार होते. दोघांची नावं वाचून कोणाची हरकत आहे का, असं मंडळीला विचारतात. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, माझं सांगणं राहिलंच. शनिवारी मार्था म्हणाली, "उद्या तिसरा हाय. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगीन. लपवून संसार व्हत न्हाई." मी हसले. तिचं बोलणंच तसं, असं मला वाटलं.

पुकारीच्या वेळी कोणी मान वर करत नाही. त्या दिवशी मार्था उभी राहिली. "हरकत न्हाई. पन हिला फिट येतात, ते सरांना ठावं असावं." एवढं बोलून ती बसली. सगळी मंडळी माझ्याकडे वळली. पुढच्या बाकावर सर होते, त्यांची पाठ मला दिसत होती. ते वळतील म्हणून मी थांबले... ते वळले नाहीत. महिन्याच्या आत ते मुलीकडे निघून गेले, फ्लॅटही विकला. मला एक अक्षर नाही.

मार्था मनाने चांगली होती, असं आता सगळे म्हणतात. चांगलं माणूस भर उपासनेत दुसऱ्याचं गुपित फोडत नाही. जिना चढून, दार वाजवून, सांगायचं त्याला एकट्याला सांगतं. जिना एका मजल्याचा होता. मीही चढू शकले असते, हे वाक्य मी दोनदा खोडलं आहे. ज्याने मान वळवली नाही त्याचाच राग यायला हवा होता, हेही मला कळतं. पण तो लांब गेला, आणि हिचं दार मला रोज दिसत होतं.

अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. एकदा जिन्यात ती म्हणाली, "पुस्तकवाले, किती दिवस गं?" मी विचारलं, "आपण कोण?" तिने बाजूला होऊन वाट दिली.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी मी स्वयंपाकघरात शुद्धीवर आले. डोक्याखाली घडी केलेला निळा टॉवेल होता, माझा नव्हता. गॅस बंद केलेला, बाहेरचं दार ओढून घेतलेलं, घरात कोणी नाही. टॉवेल धुतला, वाळवला, तिच्या दाराला अडकवून आले. संध्याकाळी तो तिथे नव्हता. आभार मी मानले नाहीत.

मागच्या आठवड्यात तिचा भाचा घर रिकामं करायला आला. काळ्या दोऱ्यात ओवलेली एक किल्ली घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "आत्या गळ्यात घालायची. आमच्या कुठल्याच कुलपाला लागत न्हाई. तुमची हाय का?" माझीच होती. ओळख नवीन असताना तिने ती मागून घेतली होती आणि बजावलं होतं, "आतून कडी लावायची न्हाई. पडलीस तर मी काय दार फोडू?" एवढ्या भांडणात मी ती किल्ली परत मागितली नाही, हे त्या मुलासमोर उभी असताना माझ्या ध्यानात आलं.

मी तिला माफ केलेलं नाही. आता दोन्ही किल्ल्या माझ्याच घरात आहेत आणि समोरच्या दाराला कुलूप आहे. मी पडले तर आत येणारं कोणी नाही. तेव्हा कडी लावली काय, न लावली काय... काल आंघोळीला जाताना ती लावायला म्हणून दारापर्यंत गेले, हातही वर केला. मग तशीच आंघोळीला गेले.