वळणावरचा दिवा

माझ्या दादाचे डोळे गेले, असं ठरवायला लोकांना त्याचं एकदा पडणं पुरलं. गाडीकडे नीट बघायचं कुणाला सुचलं नाही.

दादा पाणीखात्यात आहे. धरणापासून डोंगरातून येणाऱ्या पाइपलाइनवर गस्त घालायची, व्हॉल्व्ह बघायचे, गळती शोधायची, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्यासाठी खात्याची जुनी मोटरसायकल. उंच मडगार्डाची, दगडधोंड्यांतून चालणारी. तिला बॅटरी नाही. इंजिन फिरेल तसा दिवा. घरी दादा एका जागी बसत नाही, त्या वाटेवर मात्र त्याचा जीव रमतो.

यंदा तो म्हणायला लागला, "वळणावर दिसत नाही." खात्याच्या मेकॅनिकने गाडी स्टँडवर लावली, किक मारली, दिवा लागला. "दिवा ठणठणीत आहे काका, डोळ्यांचा नंबर काढून या," म्हणाला आणि मोकळा झाला. मग एका संध्याकाळी दादा वळणावरून सरळ चरात गेला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण साहेबांचं फर्मान निघालं: सोमवारी गाडी जमा करा आणि स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजा. हे साहेब, ज्यांनी ती लाइन फक्त नकाशावर पाहिलीय! उंटावरून शेळ्या हाकणारे मेले.

घरच्यांनी तर कहर केला. डॉक्टरांनी पेपर वाचायला दिलेला चष्मा वहिनी त्याला दिवसभर घालायला लावायची. त्या चष्म्यातून लांबचं कुणालाही धूसरच दिसेल ना? भाची हात धरून त्याला रस्ता ओलांडून द्यायची. शेवटी दादा स्वतःच्या दारातली पायरीसुद्धा पायाने चाचपायला लागला. ते पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझं पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. "गाडी घेऊन ये," मी म्हटलं.

"राहू दे गं छोटे. वय झालं माझं."

"वयाचं नंतर बघू. आधी हँडल वळव."

इंजिन चालू होतं. हँडल सरळ असताना दिवा लख्ख. डावीकडे वळवलं तसा मिणमिणला आणि गेलाच. त्या शहाण्या मेकॅनिकने हँडल वळवून पाहिलंच नव्हतं!

बल्ब चांगला होता, वायर कुठे तुटलेली नव्हती. मी एक जादा वायर घेऊन तिचं एक टोक इंजिनच्या लोखंडाला आणि दुसरं दिव्याच्या अर्थिंगला, म्हणजे परतीच्या वायरला, लावलं. आता हँडल कसंही वळवा, दिवा लख्खच. म्हणजे करंट दिव्यापर्यंत जात होता, त्याची परतीची वाट बंद होती. सांगाड्यावरचा अर्थिंगचा बोल्ट सोडवला, तर खाली चकचकीत काळा रंग. उन्हाळ्यात वरचे मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून खात्याने फाटकं रंगवली, व्हॉल्व्ह रंगवले आणि गाडीचा सांगाडाही रंगवला. रंगावरच वायर आवळून टाकली. रंगातून वीज जाते का कधी? हँडलच्या बेअरिंगमधून कसाबसा करंट परतायचा, वळलं की तोही तुटायचा. गाडी आंधळी केली यांनी, आणि आंधळा ठरला माझा दादा. चोर सोडून संन्याशाला फाशी!

रंग मी मुद्दाम खरवडला नाही. बोल्ट परत लावला, जादा वायर तशीच ठेवली आणि सोमवारी दादाबरोबर गेले. पंपघराच्या अंधाऱ्या शेडमध्ये साहेबांना गाडीवर बसवलं. दादाने किक मारली.

"वळवा हँडल डावीकडे, साहेब," मी म्हटलं.

हँडल वळलं तरी भिंतीवर लख्ख उजेड. ते तसंच वळलेलं असताना मी जादा वायर उपटली. अंधार.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं.

"काही नाही. अहो, दिवा गेला ना!"

दादाने चष्मा काढला, घडी घातली आणि साहेबांच्या खिशात ठेवला. "घ्या. तुम्हाला लागेल."

"बरं, गाडी राहू द्या तुमच्याकडे," साहेब पुटपुटले. माफीचा एक शब्द नाही. मी तिथेच बसून रंग खरवडला आणि बोल्ट घट्ट आवळला.

दादा घरी आला तो गाडीवरून, ऐटीत, चष्म्याशिवाय. वहिनी दारात उभी होती. पायरीशी येताच तो थांबला आणि त्याने आधी पायाने ती चाचपली.